उलट छापलेला

मिंगेल तारवटी सुटीवर आला की
त्याच्या पेटीतून सगळ्यांसाठी काहीतरी निघायचं:
आईला साबण, बाबांना ब्लेडची पाकिटं,
आणि मला, शेजाऱ्याच्या पोराला,
च्युइंगमचा वास लागलेले पत्ते.
रमीचे नव्हेत.
जाड कागदावर टोपीवाली माणसं, हातात दांडकं,
किंवा फणसाएवढा कातडी मोजा.

छापलेले अमेरिकेत. माणसं जपानी.
आणि येऊन पडले वास्कोत, बायन्याच्या चढावर,
जिथे बेसबॉल कुणी पाहिला नव्हता.
जपान मात्र रोज दिसायचा,
बंदरात उभा, पोट उघडं टाकून,
आणि आमचे बाबा बार्जवरून त्याला भरवायचे
डिचोलीचा डोंगर,
घास घास करून.

पत्त्याच्या पाठीवर इंग्रजी. उंची फुटांत, वजन पौंडांत,
आडनाव मागे ढकललेलं.
आकड्यांचे रकाने कळत नसत, पण पाठ होते.
तोकुनागा, पिचर, जन्म कागोशिमा, छंद मासेमारी.
छंद? आई हसली. खारव्यांना जाऊन सांग.

माडाच्या पिड्याची बॅट करून एकदा खेळलोही.
चार कोपरे: क्रूस, विहीर, वेरेंकरांचं दार, उकिरडा.
मारून कुठल्या बाजूला पळायचं
यावरून मारामारी झाली,
पत्त्यांवर तेवढंच लिहिलेलं नव्हतं.

जुलैत बुरशी धरायची, म्हणून मी ते तांदळाच्या डब्यात पुरायचो.
आईच्या मापट्यात एकदा शॉर्टस्टॉप आला.

सेट सत्तेचाळिसांचा. माझ्याकडे अडतीस.
उरलेले नऊ आता म्हातारपणी पोस्टाने मागवतो.
पार्सलवर काय लिहायचं, खेळणी की छापील कागद,
दर वेळी वाद.
खाणी थांबल्या, धक्का पाहिला तर
बगळे मोजून होतात.

पण सांगायचं होतं ते एकतीस नंबरचं.
हिराओका, कॅचर. मोजा उजव्या हातात,
म्हणजे फेकणार डाव्याने.
माझ्यासारखा.
मी डाव्याने जेवलो की पाठीत धपाटा बसे,
डाव्याने लिहिलं की पट्टी.
मग दप्तरात हिराओका असायचा.
मागे 'उजवा' असं स्पष्ट छापलं होतं.
मी मानलं नाही. म्हटलं, छापणारा चुकला असेल.

चुकलाच होता.

पंधरा वर्षांचा असेन. बाबांबरोबर बार्जवर गेलो,
तिथे जपानी जहाजाचा एक इंजिनियर उतरला होता,
बाबांची विडी ओढून खोकत.
मी डबा उघडला.
तो एकेक नाव मोठ्याने वाचत गेला,
ती नावं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.
एकतिसावर थांबला आणि खो खो हसला.
छातीवरच्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं,
मग हात हवेत फिरवला,
तव्यावरची भाकरी उलथतात तसा.

फोटोच उलटा छापला होता.
अमेरिकेत कुणाला ती अक्षरं येत नव्हती.
वास्कोतही.
बाबा हसले, खलाशी हसले, मीही हसलो थोडा.

दुसऱ्या दिवशी शाबा म्हाल्याकडे केस कापायला बसलो.
चादरीखालून पत्ता काढून आरशासमोर धरला.
हिराओका उजवा झाला.
अक्षरं सरळ झाली असतील, मला काय कळणार.
मोजा डाव्या हातात, जिथे हवा होता तिथे,
माझा राहिला नव्हता.
आणि पत्ता धरलेला माझा डावा हात
आरशात
उजवा.

किती वेळ पाहत होतो कोण जाणे.
शाबा म्हणाला, तकली हालय नाका रे.